संमिश्र संख्या हाताने शिकताना: उणे एकच्या वर्गमुळापासून थ्री-फेज विजेपर्यंत

दहावीत वर्गसमीकरण सोडवताना विवेचक ऋण आला की आपण ‘मुळे वास्तव संख्या नाहीत’ एवढे लिहून उदाहरण संपवतो. अकरावीच्या विज्ञान शाखेत तेच समीकरण पुन्हा समोर येते आणि आता मात्र उणे एकच्या वर्गमुळाला एक अक्षर देऊन पुढे चला, असे सांगितले जाते. काल जे होत नव्हते ते आज कसे होऊ लागले, याचा उलगडा बहुधा होत नाही. नियम पाठ होतात, गुणही मिळतात, पण ही संख्या खरी की नुसती सोय, ही शंका मनात घर करून राहते. हा लेख त्या शंकेसाठी आहे. माझे म्हणणे असे, की उणे एकचे वर्गमूळ संख्यारेषेवर शोधत बसण्याऐवजी कागदावर एक बिंदू घ्यावा आणि तो स्वतःच्या हाताने ९० अंशांनी फिरवून पाहावा. संमिश्र संख्यांचे, म्हणजे वास्तव संख्या आणि उणे एकचे वर्गमूळ मिळून बनणाऱ्या संख्यांचे, जवळजवळ सगळे नियम त्या एका फिरवण्यातून निघतात.

त्यासाठी आलेख कागद, ट्रेसिंग पेपरचा एक तुकडा, टाचणी, पट्टी, कोनमापक आणि पेन्सिल एवढे साहित्य जवळ ठेवावे. दहावीपर्यंतचे बीजगणित येत असले की पुरे. छापील पुस्तकांत काल्पनिक एककासाठी रोमन लिपीतले अक्षर वापरतात. ‘काल्पनिक’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाचे ते पहिले अक्षर असून ऑयलर या गणितज्ञाने १७७७ मध्ये ते या कामी योजले. या लेखात त्याच्या जागी ‘इ’ लिहिले आहे आणि अज्ञात संख्येसाठी ‘क्ष’. इ विषयी आपल्याला एकच गोष्ट ठाऊक आहे, ती म्हणजे इ² = −१.

भास्कराचार्यांची हरकत

ही शंका नवी नाही. इ.स. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी आपल्या बीजगणितात स्पष्ट म्हटले आहे: ‘न मूलं क्षयस्यास्ति तस्याकृतित्वात्’. ऋण संख्येला वर्गमूळ नसते, कारण ती कशाचाही वर्ग नसते. त्यांच्या आधी नवव्या शतकात महावीराचार्यांनीही हेच सांगितले होते. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण येथे भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा शिलालेख आहे, तेव्हा हे वाक्य आपल्याच मुलखात पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले असणार.

संख्यारेषेपुरते त्यांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे आणि ते का बरोबर आहे हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. धन संख्येने गुणणे म्हणजे बिंदू शून्याच्या त्याच बाजूला ठेवून त्याचे अंतर कमीजास्त करणे. ऋण संख्येने गुणणे म्हणजे बिंदू शून्याच्या पलीकडे उलटवणे. यांपैकी कोणतीही एक क्रिया लागोपाठ दोनदा केली, तर बिंदू पुन्हा मूळच्याच बाजूला येतो: पहिलीत तो पलीकडे गेलेलाच नसतो, दुसरीत जाऊन परत आलेला असतो. मग १ पासून निघून, एकच क्रिया दोनदा करून −१ वर पोहोचायचे कसे? रेषेवरच राहायचे ठरवले तर मार्ग नाही. रेषा सोडायची परवानगी मिळाली तर मात्र मार्ग सरळ आहे. १८० अंशांचे उलटणे ९० आणि ९० अशा दोन समान वळणांत करता येते.

आधी बोटांनी फिरवून पाहा

आलेख कागदाच्या मध्यावर आडवा आणि उभा अक्ष काढावा. आडव्या अक्षावर नेहमीच्या वास्तव संख्या आहेत आणि उभ्या अक्षावर इ, २इ, ३इ अशा काल्पनिक संख्या. आता ३ + इ ही संख्या घ्यावी, म्हणजे उजवीकडे तीन घरे आणि वर एक घर. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून आरंभबिंदूवर टाचणी टोचावी, कागदावर तो बिंदू उमटवून घ्यावा आणि ट्रेसिंग पेपर घड्याळाच्या उलट दिशेने ९० अंश फिरवावा. बिंदू कुठे आला ते घरे मोजून लिहावे: डावीकडे एक घर, वर तीन घरे, म्हणजे −१ + ३इ. कागद तसाच राहू द्यावा आणि शेजारी वहीत गुणाकार करावा:

इ × (३ + इ) = ३इ + इ² = −१ + ३इ

दोन्ही उत्तरे एकच आहेत. आणखी ९० अंश फिरवल्यावर बिंदू −३ − इ वर येतो, म्हणजे मूळ संख्येच्या बरोबर समोर. दोन वळणांनी उणे एकने गुणल्याचा परिणाम झाला आणि इ² = −१ डोळ्यांसमोर दिसले. तिसऱ्या वळणानंतर १ − ३इ मिळते आणि चौथ्यानंतर बिंदू घरी परततो. मुलांना हे फळ्यावर दाखवले तर ती मान डोलावतात. टाचणी त्यांच्या हातात दिली तर प्रश्न विचारू लागतात. म्हणून ही पायरी वाचून सोडून देऊ नये.

घातांचा नियम आता पाठ करावा लागत नाही. इ, −१, −इ, १ असे चार मुक्काम आहेत आणि पाचव्या घाताला तेच चक्र पुन्हा सुरू होते. इ चा ४७वा घात हवा असेल तर ४७ ला ४ ने भागून बाकी ३ काढावी. तीन वळणे म्हणजे −इ. घातांक मोठा असेल तर त्याच्या शेवटच्या दोन अंकांनाच ४ ने भागले तरी चालते, कारण शंभराला चाराने निःशेष भाग जातो.

ही आकृती प्रथम कागदावर आणणारा कास्पर वेसेल हा पेशाने भूमापक होता, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. दिशा आणि अंतरे मोजणे हेच त्याचे रोजचे काम होते. त्याने आपला निबंध १७९७ मध्ये डॅनिश अकादमीपुढे मांडला, पण तो डॅनिश भाषेत असल्यामुळे सुमारे शतकभर दुर्लक्षित राहिला. १८०६ मध्ये आरगाँने स्वतंत्रपणे हीच कल्पना मांडली. पुढे १८३१ मध्ये गाऊसने ‘संमिश्र संख्या’ हे नाव रूढ केले आणि त्याच लेखनात अशी खंत व्यक्त केली, की धन, ऋण व काल्पनिक एकक म्हणण्याऐवजी सुलटे, उलटे व बाजूचे एकक म्हटले असते तर या विषयाभोवती एवढा अंधार साचला नसता. ‘काल्पनिक’ हे विशेषण १६३७ मध्ये देकार्तने वापरले होते आणि ते या संख्यांना कायमचे चिकटले. नावावरून घाबरणाऱ्या विद्यार्थ्याला मी प्रथम गाऊसचे हे मत सांगतो.

बेरीज आणि गुणाकार

क + खइ या रूपातल्या संख्येत क हा वास्तव भाग आणि ख हा काल्पनिक भाग. काल्पनिक भाग म्हणताना इ सोडून केवळ ख सांगायचा असतो. ५ − २इ चा काल्पनिक भाग −२ आहे, −२इ नव्हे. परीक्षेत या एका कारणाने गुण जातात. बेरीज-वजाबाकीत वास्तव भाग वास्तवाशी आणि काल्पनिक भाग काल्पनिकाशी मिळवायचा, यापलीकडे सांगण्यासारखे काही नाही.

गुणाकार करताना कंस नेहमीप्रमाणे सोडवावेत आणि इ² दिसेल तिथे −१ ठेवावा:

(३ + २इ)(१ + ४इ) = ३ + १२इ + २इ + ८इ² = −५ + १४इ

येथे ताळा करण्याची एक सुरेख युक्ती आहे. प्रत्येक संख्येच्या दोन्ही भागांच्या वर्गांची बेरीज काढावी. पहिलीची ९ + ४ = १३, दुसरीची १ + १६ = १७ आणि उत्तराची २५ + १९६ = २२१. तेरा गुणिले सतरा २२१ होतात का? १३ × १७ = २२१, म्हणजे जुळले. चिन्हाची चूक झाली असती तर हा ताळा बहुतेक वेळा बिघडला असता. दोन वर्गांच्या बेरजांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांची बेरीज असतो, हे यामागचे सूत्र. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये ‘भावना’ या नावाने ओळखला जाणारा जो व्यापक नियम दिला, त्याचाच हा एक विशेष प्रकार आहे. ऋण संख्येला वर्गमूळ नाही असे मानणाऱ्या परंपरेच्या हाती संमिश्र गुणाकाराचा सांगाडा त्याआधीच आलेला होता.

एका चुकीपासून मात्र सावध राहायला हवे. √−४ × √−९ या उदाहरणात आतल्या संख्यांचा आधी गुणाकार करून √३६ = ६ असे उत्तर लिहिण्याचा मोह होतो. खरे उत्तर २इ × ३इ = ६इ² = −६ आहे. दोन वर्गमुळे एका चिन्हाखाली आणण्याचा नियम दोन्ही संख्या ऋण असताना चालत नाही. म्हणून ऋण संख्येचे वर्गमूळ दिसताच, इतर काहीही करण्याआधी, त्यातून इ बाहेर काढून ठेवावा. ही सवय एकदा लागली की या प्रकरणातल्या निम्म्या चुका थांबतात.

भागाकार

नववीत छेदात करणी आली की आपण अनुबद्ध जोडीने गुणून छेदाचे परिमेयीकरण करत होतो. येथेही तेच करायचे आहे. क + खइ ची अनुबद्ध संख्या क − खइ आणि दोघींचा गुणाकार क² + ख², म्हणजे शुद्ध वास्तव. (५ + इ) ला (२ − ३इ) ने भागायचे असेल, तर अंश आणि छेद दोघांनाही २ + ३इ ने गुणावे. अंशात १० + १५इ + २इ + ३इ² = ७ + १७इ येते, छेदात ४ + ९ = १३ येतात आणि उत्तर (७ + १७इ) ÷ १३ असे मिळते. ताळ्यासाठी ७ + १७इ ला २ − ३इ ने गुणून पाहावे: ६५ + १३इ, म्हणजे तेराने भागल्यावर बरोबर ५ + इ.

या संख्यांमध्ये लहानमोठे ठरवता येत नाही, हेही येथेच लक्षात घ्यावे. इ शून्यापेक्षा मोठा मानला तर इ × इ = −१ हा गुणाकारही शून्यापेक्षा मोठा मानावा लागेल; लहान मानला तर −इ मोठा होईल आणि (−इ)(−इ) = −१ मुळे पुन्हा तीच अडचण येईल. त्यामुळे २ + ३इ > १ + इ असे कधीही लिहू नये. तुलना करायची असेल तर ती लांबीची करावी.

लांबी आणि कोन

आलेखावरच्या प्रत्येक बिंदूचा पत्ता दोन तऱ्हांनी सांगता येतो. एक म्हणजे आडवी किती घरे आणि उभी किती घरे. दुसरी म्हणजे आरंभबिंदूपासून अंतर किती आणि आडव्या अक्षाशी कोन किती. या अंतराला मापांक म्हणतात. पायथागोरसच्या प्रमेयाने तो √(क² + ख²) इतका येतो. ३ + ४इ चा मापांक ५ आहे आणि १ + इ चा √२. १ + इ चा कोन ४५ अंश आहे, हे कोनमापक ठेवून लगेच पडताळता येईल.

गुणाकाराचा खरा अर्थ या दुसऱ्या पत्त्यात उघड होतो. दोन संमिश्र संख्यांचा गुणाकार करताना त्यांच्या लांब्यांचा गुणाकार होतो आणि कोनांची बेरीज होते. इ ची लांबी १ आणि कोन ९० अंश, म्हणून त्याने गुणल्यावर लांबी न बदलता बिंदू फक्त फिरला. (१ + इ) चा आठवा घात कंस सोडवत बसून काढायचा म्हटले तर पान भरेल. लांबी-कोनाने पाहिले तर √२ चा आठवा घात १६ आणि ४५ × ८ = ३६० अंश, म्हणजे एक पूर्ण फेरी, आणि उत्तर १६. विश्वास बसत नसेल तर तीनदा वर्ग करून पाहावा: १ + इ चा वर्ग २इ, त्याचा वर्ग −४ आणि त्याचा वर्ग १६.

कोन काढताना कॅल्क्युलेटर फसवतो, हे येथे ठासून सांगायला हवे. −१ − इ या संख्येसाठी ख ÷ क = १ येते आणि व्यस्त टॅन्जन्टचे बटण दाबले की ४५ अंश उत्तर मिळते. बिंदू मात्र डावीकडे खाली, तिसऱ्या चरणात आहे आणि त्याचा कोन २२५ अंश आहे. दोन ऋण चिन्हे भागाकारात नाहीशी झाली आणि त्यांच्याबरोबर दिशेची माहितीही गेली. म्हणून आधी आकृती काढावी, बिंदू कोणत्या चरणात आहे ते पाहावे आणि वास्तव भाग ऋण असेल तर कॅल्क्युलेटरच्या उत्तरात १८० अंश मिळवावेत.

वर्गसमीकरणाकडे परत

आता क्ष² − ४क्ष + १३ = ० घेऊ. विवेचक १६ − ५२ = −३६ येतो. पूर्वी येथे थांबत होतो; आता √−३६ = ६इ लिहून क्ष = (४ ± ६इ) ÷ २ = २ ± ३इ अशी दोन मुळे मिळतात. त्यांची बेरीज ४ आणि गुणाकार ४ + ९ = १३, म्हणजे सहगुणकांशी ताळा जुळला. सहगुणक वास्तव असतील तर अशी मुळे नेहमी अनुबद्ध जोडीनेच येतात.

ही मुळे आलेखात दिसत नाहीत असे म्हणतात, पण थोडे निरखून पाहिले तर दिसतात. समीकरणाची डावी बाजू (क्ष − २)² + ९ अशी लिहिता येते. तिचा आलेख, म्हणजे अन्वस्त, आडव्या अक्षाला कुठेच शिवत नाही; त्याचा तळ क्ष = २ वर, अक्षापासून ९ घरे उंचीवर तरंगतो. तळाची आडवी जागा २ हा मुळांचा वास्तव भाग आणि उंचीचे वर्गमूळ ३ हा काल्पनिक भाग. क्ष² चा सहगुणक १ असेल तेव्हा हे वाचन थेट करता येते.

जिथे या संख्यांवाचून अडले

वर्गसमीकरणाने कोणालाही संमिश्र संख्या मानायला भाग पाडले नव्हते, हे बहुतेक पुस्तकांत सांगितले जात नाही. कार्दानो या इटालियन गणितज्ञाने १५४५ मध्ये १० चे असे दोन भाग करायला घेतले की त्यांचा गुणाकार ४० यावा. उत्तर ५ + √−१५ आणि ५ − √−१५ असे आले, त्याने ते पडताळले आणि जितके सूक्ष्म तितकेच निरुपयोगी म्हणून बाजूला ठेवले. त्यात त्याचे काही चुकले नाही; १० चे असे भाग पडत नाहीत, एवढे म्हणून काम भागते.

काम अडले ते घनसमीकरणात. क्ष³ = १५क्ष + ४ हे समीकरण घ्यावे. क्ष = ४ ठेवल्यास ६४ = ६० + ४, म्हणजे अगदी साधे, वास्तव, पूर्णांक उत्तर हजर आहे. आता कार्दानोच्या ग्रंथातले सूत्र लावू. क्ष³ = पक्ष + फ या रूपात फ चे निम्मे २ आणि प चा तिसरा हिस्सा ५. निम्म्याच्या वर्गातून तिसऱ्या हिश्शाचा घन वजा करायचा: ४ − १२५ = −१२१. सूत्र म्हणते,

क्ष = ∛(२ + √−१२१) + ∛(२ − √−१२१)

उत्तर ४ आहे हे आपल्याला दिसते आहे आणि ते हमखास देणारे सूत्र मात्र ऋण संख्येच्या वर्गमुळात जाऊन रुतले आहे. येथे ‘मूळ नाही’ असे म्हणून सुटका नाही, कारण मूळ आहे. बोलोन्याच्या राफाएल बोंबेल्लीने १५७२ मध्ये छापलेल्या आपल्या बीजगणितात ही कोंडी फोडली. √−१२१ म्हणजे ११इ. दोन घनमुळांची बेरीज ४ यायची असेल तर ती २ + खइ आणि २ − खइ अशी अनुबद्ध जोडी असावी, असा अंदाज त्याने बांधला. आपणही वहीत ख = १ घेऊन पाहावे:

(२ + इ)² = ४ + ४इ + इ² = ३ + ४इ

(३ + ४इ)(२ + इ) = ६ + ३इ + ८इ + ४इ² = २ + ११इ

हेच ते घनमुळाखाली अडकलेले पद. म्हणून पहिले घनमूळ २ + इ, दुसरे २ − इ आणि बेरीज ४. काल्पनिक भाग मध्येच आले, काम करून गेले आणि उत्तरात त्यांचा मागमूसही उरला नाही. आपल्याला स्वतःलाही हे बराच काळ शब्दच्छल वाटत होते, अशी कबुली बोंबेल्लीने दिली आहे. ज्या घनसमीकरणाचे सहगुणक परिमेय आहेत, तिन्ही मुळे वास्तव आहेत पण एकही परिमेय नाही, त्याची मुळे नुसत्या वास्तव करणींनी लिहिताच येत नाहीत, हे पुढे एकोणिसाव्या शतकात सिद्ध झाले. वास्तव गावाहून वास्तव गावाला जायचे असले तरी वाट संमिश्र प्रदेशातूनच जाते. हे एक उदाहरण स्वतः सोडवल्यावर ‘या संख्या कशाला हव्यात’ हा प्रश्न मला तरी पुन्हा पडला नाही.

घनमुळे तीन असतात

वरच्या समीकरणाची आणखी दोन मुळे आहेत, −२ + √३ आणि −२ − √३. सूत्रातून ती कुठून निघतात? उत्तर असे, की प्रत्येक शून्येतर संख्येला तीन घनमुळे असतात आणि आपण त्यांतले एकच निवडले होते.

१ ची घनमुळे काढताना लांबी १ च राहणार आणि कोनाच्या तिपटीने पूर्ण फेऱ्या झाल्या पाहिजेत. असे कोन तीन आहेत: ०, १२० आणि २४० अंश. कोनमापकाने एकक वर्तुळावर हे तीन बिंदू मांडले की समभुज त्रिकोण तयार होतो. त्यांतला १२० अंशांचा बिंदू −१/२ + (√३/२)इ आहे. त्याला आपण ‘व’ म्हणू. तिसरा बिंदू व². या तिघांची बेरीज १ + व + व² = ०, कारण मध्याभोवती समान पसरलेले तीन समान बाण एकमेकांना पूर्ण तोलून धरतात. बोंबेल्लीच्या २ + इ ला व ने आणि २ − इ ला व² ने गुणून बेरीज केली की −२ − √३ मिळते. व आणि व² ची अदलाबदल केली की तिसरे मूळ. हे करून पाहावे.

विजेच्या तारेत

घरातल्या विजेचा दाब २३० व्होल्ट असतो आणि तो सेकंदाला ५० आवर्तने करतो. मोटारीच्या वेटोळ्यातून ही वीज गेली की प्रवाह दाबाच्या मागे पडतो. किती अँपिअर आणि किती अंश मागे, अशा दोन गोष्टी प्रत्येक पायरीला सांभाळाव्या लागतात आणि लांबी-कोन एकत्र वाहून नेणारी संख्या आपल्याकडे तयारच आहे. चार्ल्स स्टाइनमेट्झने १८९३ मध्ये ही रीत अभियंत्यांपुढे मांडली आणि तेव्हापासून ती विद्युत अभियांत्रिकीची रोजची भाषा झाली. तिथे प्रवाहाचे अक्षर आधीच ठरलेले असल्याने काल्पनिक एककासाठी दुसरे अक्षर घेतात, एवढाच फरक.

समजा एका वेटोळ्याचा रोध ३० ओहम आहे आणि ५० हर्ट्झला त्याचा प्रेरकीय विरोध ४० ओहम आहे. प्रेरकीय विरोध म्हणजे प्रवाहाला मागे पाडणारा भाग, म्हणून तो इ सोबत घेऊन एकूण विरोध ३० + ४०इ असा लिहायचा. त्याचा मापांक ५०. प्रवाह म्हणजे दाब भागिले विरोध, तेव्हा वर शिकलेला भागाकार करावा:

२३० ÷ (३० + ४०इ) = २३० × (३० − ४०इ) ÷ २५०० = २.७६ − ३.६८इ

मापांक २३० ÷ ५० = ४.६ अँपिअर आणि कोन सुमारे उणे ५३ अंश, म्हणजे प्रवाह तितका मागे आहे. प्रत्यक्ष काम करतो तो वास्तव भाग: २३० × २.७६ = ६३४.८ वॅट. काल्पनिक भागातले ३.६८ अँपिअर नुसते तारेतून ये-जा करतात, पण तार मात्र पूर्ण ४.६ अँपिअरने तापते. काम करणाऱ्या प्रवाहाचे एकूण प्रवाहाशी प्रमाण २.७६ ÷ ४.६ = ०.६, हाच तो पॉवर फॅक्टर.

शेतीपंपाला कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारे साधन, बसवण्याचा आग्रह का धरला जातो, ते आता दोन ओळींत सांगता येते. कपॅसिटरचा विरोध −इ च्या दिशेने असतो, त्यामुळे त्याचा प्रवाह दाबाच्या पुढे धावतो. वेटोळ्याला समांतर असा कपॅसिटर जोडला की ज्यातून +३.६८इ अँपिअर वाहतील, तर काल्पनिक भाग मिटतात आणि मुख्य तारेत फक्त २.७६ अँपिअर उरतात. त्यासाठी २३० ÷ ३.६८ = ६२.५ ओहम विरोध हवा. २ × ३.१४१६ × ५० × ६२.५ या गुणाकाराने १ ला भागले की सुमारे ५१ मायक्रोफॅरड येतात. काम तितकेच झाले, पण तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती ०.६ × ०.६ = ०.३६, म्हणजे जवळजवळ एकतृतीयांशावर आली. हे गणित कागदावर जरूर करावे, जोडणी मात्र जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावी. वीज बंद केल्यावरही कपॅसिटर भारित राहू शकतो आणि जोराचा झटका देतो.

पंपाला येणारी वीज बहुधा थ्री-फेज असते आणि तेथे १ ची तीन घनमुळे पुन्हा भेटतात. तिन्ही फेजचे दाब एकमेकांपासून १२० अंशांवर असतात: २३०, २३०व² आणि २३०व. तिन्हींवर सारखा भार असेल तर तीन प्रवाहांची बेरीज शून्य होते, कारण १ + व + व² = ०, आणि म्हणूनच समतोल भाराच्या न्यूट्रल तारेत प्रवाह उरत नाही. दोन फेजच्या मधला दाब काढायचा तर वजाबाकी करावी: १ − व = ३/२ − (√३/२)इ. मापांकाचा वर्ग ९/४ + ३/४ = ३, म्हणून मापांक √३. आता २३० ला १.७३२ ने गुणले की ३९८.४ व्होल्ट येतात, आणि मोटारीच्या पाटीवर ४०० हा आकडा का असतो ते कळते.